गडग्यासमोरचा चित्रकार

साठीनंतर प्रथमच लेखणी धरतो आहे. या धाडसाबद्दल क्षमा असावी.

मांडवीतील आमच्या नारळाच्या बागेच्या गडग्यासमोर, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणासमोर, एक जपानी गृहस्थ चार दिवस वहीत काही रेखाटत बसे. प्रत्येक चिऱ्यावर आधी तळहात ठेवी, मग पेन्सिल उचली.

"मास्तर, सरकारी मोजणीवालाच हा! बाग जाणार बघा," शेजारी म्हणाला.

मी त्या गृहस्थांना हटकले.

"मी व्हिडिओ गेम बनवतो," ते इंग्रजीत म्हणाले. "सुरुवातीला फक्त भिंती रंगवायचो. आता दिग्दर्शक आहे, तरी भिंती मीच काढतो. खेळणारा भिंतीकडे बघत नाही. पण ती खोटी असली, तर त्याला संशय येतो."

माझा विश्वास बसला नाही. मी पाने मागितली. त्यांनी ती फाडून दिली, वाकून नमस्कार केला आणि ते गेले.

पानांवर एकही माप नव्हते. चिऱ्यांवरचे शेवाळ तेवढे होते.

तुम्ही ती पाने मागितली असती का?