पांढऱ्या खुणांचा दगड

गादी घेऊन माळाकडे जाणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. गादी ही घरात टाकायची वस्तू. ती पाठीला बांधून कुणी भर उन्हात माझ्या शेतातून चाललं, तर मी विचारणारच.

नायगावपासून थोडं आत आमचं शेत आहे. अर्धं सोयाबीन, अर्धे धोंडे. पृथ्वी बांधून उरलेला सगळा माल देवानं आमच्या सातबाऱ्यावर ओतला असावा. एकेक धोंडा आमच्या घराएवढा, आणि आमच्या घरापेक्षा बरा बांधलेला. गेल्या वर्षापासून या धोंड्यांवर माझी पुतणी चढायला येते, थोरल्या भावाची मुलगी. लातूरला एका लॅबमध्ये नोकरी करते. त्याआधी हैदराबादला होती, तिथंच हे खूळ लागलं. सोबत लॅबमधली एक मैत्रीण आणि त्या मैत्रिणीचा चष्मेवाला नवरा.

"काका, ह्याला बोल्डरिंग म्हणतात," पुतणीनं पहिल्या दिवशीच सांगितलं. "दोर न्हाई, काही न्हाई. हातापायानं वर जायचं. सुटलं तर गादीवर पडायचं."

"आन् वर काय हाय?"

"वर काही न्हाई."

इतकं संशयास्पद उत्तर मी जन्मात ऐकलं नव्हतं. लातूरहून तीन तास फटफटी हाणत यायचं, बोटांची सालटी काढून घ्यायची, आणि वर काही नाही?

मी बांधावर बसून पाळत ठेवली. तिघं कमरेच्या पिशवीतून पांढरी पावडर काढून तळहाताला चोळत आणि फुंकत. मग दात घासायच्या ब्रशनं दगड घासत. माझ्या घरात माणसांचे दात इतके मन लावून घासले जात नाहीत. मग धोंड्यासमोर मांडी घालून अर्धा अर्धा तास त्याच्याकडे टक लावून बसत. चष्मेवाला तर डोळे मिटून हवेतच काहीतरी पकडायचा, सोडायचा, पुन्हा पकडायचा. ते गेल्यावर जवळ जाऊन पाहिलं, तर दगडावर वरपासून खालपर्यंत बोटभर लांबीच्या पांढऱ्या रेघा.

"हात कुठं ठेवायचा त्याच्या खुणा हायत," पुतणी पुढच्या खेपेला म्हणाली. लगेच म्हणाली. खरं बोलणारा माणूस आधी जरा विचार करतो.

मी शेजारच्या शेतवाल्याला नेऊन त्या रेघा दाखवल्या. त्यानं तंबाखू थुंकली.

"भाऊ, तुमी येडे का काय? रझाकाराच्या टायमाला तुमच्या आज्यानं सोनं पुरलेलं हाय. अख्ख्या गावाला ठाव हाय, तुमाला सोडून. रेघा बघा की कशा खाली उतरून राहिल्या. जिथं संपल्या तिथं माल!"

माझ्या आज्याची एकूण मालमत्ता म्हणजे एक म्हैस आणि एक खोकला. पण ऐकलं आणि मला आठवायलाच लागलं. आजा रोज दुपारी याच धोंड्याला टेकून बसायचा. इतके दिवस मला वाटत होतं, सावलीसाठी.

आठ दिवस मी खणलं. भर दुपारी, शिवारात चिटपाखरू नसताना. घरी सांगितलं, लिंबासाठी आळं करतोय.

"अहो, लिंब लावून राहिले का विहीर पाडून राहिले?" बायको म्हणाली.

खड्डा माझ्या छातीला लागला. मिळालं काय, तर एक गंजलेलं खुरपं. ते चोरल्याचा आळ मी मागं याच शेजाऱ्यावर घेतला होता आणि दोन वर्षं त्याच्याशी अबोला धरला होता. पण सोनं खुरप्याच्या खालीच असणार, याची मला खात्री होती. घरी जाताना मी खड्ड्यावर तुराट्या आडव्या टाकायचो, वर पोतं, वर माती, वर पाला. झाकण इतकं बेमालूम की एकदा मीच त्यात जाता जाता राहिलो.

पुतणीचा फोन आला होता, मनगट सुजलंय, या रविवारी येत नाही. म्हणून मी निवांत गावात चहा पिऊन दहाच्या सुमाराला शेतावर आलो, तर बाभळीखाली दोन फटफट्या. आणि पुतणी धोंड्यावर. दोन पुरुष उंचीवर, सुजलेल्या मनगटाला चिकटपट्टी गुंडाळून आलेली, पाय चार बोटांच्या कपारीवर. खाली मैत्रीण आणि चष्मेवाला हात वर करून उभे. त्यांच्या मध्ये गादी, नेमकी माझ्या झाकणावर.

चष्मेवाल्यानं एकदा मला समजावलं होतं, "काका, पडण्याचं काही नाही. कशावर पडतो, त्यावर सगळं." ते आत्ता आठवलं.

"उतर!" मी ओरडलो.

"काका, ओरडू नका."

"उतर म्हणतो ना!"

"इथून उतरता येत न्हाई. वर जायचं, न्हाईतर पडायचं."

"पडू नको! गादीखाली खड्डा हाय!"

"कसला खड्डा?"

सांगण्यासारखं खूप होतं. सायाळ, घोरपड, रानडुक्कर. माझ्या जिभेवर थाप श्वासाच्या आधी येते. त्या दिवशी थापेआधी खरंच बाहेर पडलं.

"मी खांदलेला. सोन्यासाठी."

चष्मेवाल्यानं गादी उचलून पाय टेकवला, तो मांडीपर्यंत आत गेला. गादी सरकवायला जागा नाही, दोन्ही बाजूला टोकदार दगड. वर पुतणीचा पाय गिरणीच्या पट्ट्यासारखा थरथरायला लागला. मी पुढं काहीच विचार केला नाही. चष्मेवाल्याला ओढून काढलं, तुराट्यांसकट स्वतः आत उडी मारली, गुडघ्यात डोकं घालून पाठ वर केली आणि ओरडलो, "टाका गादी!"

अंधार झाला. माती आणि रबराचा वास. गादीखालून जग दिसत नाही, फक्त ऐकू येतं. बुटाची खरखर, तिचा श्वास, एक बारीक खडा घरंगळला. थोरल्या भावाला कोणत्या तोंडानं सांगणार होतो मी? सोन्याचा विचार त्या खड्ड्यात एकदाही आला नाही. मी फक्त पाठ घट्ट करून धप्प होण्याची वाट बघत होतो. माझ्या हिशेबानं तिथं मी एक अख्खा पावसाळा काढला.

मग वरून आवाज आला. "काका, निघा बाहेर."

गादी बाजूला झाली. पुतणी धोंड्याच्या माथ्यावर पाय सोडून बसली होती, हसत होती आणि मनगटाच्या पट्टीनं डोळे पुसत होती.

"तीन महिने ह्या कपारीवरून पडून राहिले मी," ती म्हणाली. "आज खाली तुमी होता, पडायची सोयच न्हाई राहिली."

खड्डा तिनं मलाच बुजवायला लावला. माती, पाणी, वरून धुम्मस मारून ठोकणं. ते झाल्यावर कुणी पाहत नाही असं बघून मी खालच्या पांढऱ्या रेघेवर बोटं रोवली आणि दोन्ही पाय उचलले. जमिनीपासून वीतभर. ऐंशी किलोंचा मी आठ बोटांवर लटकलो होतो, आणि तेवढ्या दोन श्वासांत माझ्या डोक्यात कुणाविषयी काहीही संशय नव्हता. मग ढुंगणावर आपटलो. महिनाभर खुर्चीत तिरपा बसलो.

आता ते येण्याआधी मी रविवारी सकाळी जाऊन धोंड्यांभोवतीची जमीन टाच आपटून तपासतो. गादी टाकली की उचलून खाली बघतो. पुतणी हसते.

चष्मेवाला मात्र परवा सहज म्हणून विचारत होता, "काका, तुमचे आजोबा नेमके कुठं टेकून बसायचे हो?"

मी त्याला दुसरा धोंडा दाखवला.