उत्तरेश्वरचं गेट आणि चौकातला दिवा

...तर काल कुठं थांबलो होतो? हां, पंडितच्या बदलीवर. घाटनांदूरच्या रस्त्याला रेल्वे गेटावर आमचा उत्तरेश्वर गेटमन, आणि गेटापलीकडं हाकेच्या अंतरावर, साखर कारखान्याच्या चौकात वाहनं सोडायला कारखान्याचा माणूस, पंडित. दोघांचं साधं जमलेलं. गेट पाडायच्या आधी उत्तरेश्वरनं हात वर केला की पंडित बाकीची वाहनं अडवायचा आणि उसाच्या गाड्या पुढं काढायचा. रुळावर एक चाक उरायचं नाही.

मग दुष्काळ पडला. कारखान्यानं चारा छावणी उघडली, पंडितला तिथल्या टँकरवर धाडलं आणि चौकात लाल-हिरवे दिवे बसवले. चेअरमननं नारळ फोडला. पेढे काय सुरेख होते! पण दिवे आपल्याच लयीत लागायचे, गेटाची त्यांना खबर नाही. रेल्वे म्हणाली, कारखान्याला सांगा. कारखाना म्हणाला, रेल्वेला सांगा. मग उत्तरेश्वरच चौकापर्यंत पळायचा, गाड्या पुढं हाकायचा, परत येऊन गेट पाडायचा. संध्याकाळी पाय सुजून खांबासारखे.

आता आपल्या ऊसतोडीच्या टोळ्यांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पहाटेपासून ऊस तोडून अंग आंबलेलं, म्हणून मागच्या बैलांचा कासरा पुढच्या गाडीला बांधायचा आणि मोळ्यांवर खुशाल झोपायचं. पुढची चालली की मागची चालते, ती थांबली की हीपण थांबते.

त्या दुपारी चौकात लाल लागला. रांग तुंबली ती थेट गेटापर्यंत, आणि सिदू-साखराबाईची गाडी नेमकी रुळावर. नवरा-बायको गाढ झोपेत. अर्धपोटी बैलांतला एक तर खालीच बसला. पॅसेंजर यायची वेळ. उत्तरेश्वरनं हाका मारल्या, शेपटी पिळली. काही हलेना. पुढची गाडी हलली तर बैल फरफटू नये म्हणून त्यानं तिला बांधलेला कासरा सोडला आणि लाल झेंडा घेऊन रुळातून पळत सुटला.

रेल्वे थांबली, गेटाच्या थोडं अलीकडं. शिट्टीनं साखराबाई जागी झाली. बघते तर दिवा हिरवा झालेला, पुढच्या गाड्या गेलेल्या, मध्ये ट्रॅक्टर घुसलेले. उत्तरेश्वर धापा टाकत परत आला तशी ती वरूनच म्हणाली, "दादा, येवढी रेल्वे धरलीस, मग आमचा नंबर धरायला काय झालतं?"

तो फाटकाला टेकला. म्हणाला, "अक्का, रेल्वेला माझा झेंडा दिसतो. तुझ्या बैलाला पुढची गाडी दिसती. त्या दिव्याला मातुर तू बी दिसत न्हाईस अन् मी बी न्हाई. चल, उठव बैल."