सातची बुलढाणा

आमच्या धामणगाव बढ्याचे उकंडराव जन्मात रेल्वेत बसले नाहीत. "ज्या गाडीचा डायवर दिसत नाही, तिचा काय भरोसा?" म्हणायचे. एकसष्ट साली पुण्याला लेकीकडे निघायचं ठरवलं, तेही चार मोटारी बदलतच. पहिली सकाळी सातची, बुलढाण्याची. ती चुकली की पुढच्या सगळ्या चुकणार. थांब्यावरच्या पाटीवर वेळ लिहिली होती. पण पाटीवर विश्वास ठेवील तो उकंडराव कसला! मास्तरांचं घड्याळ मागून आणलं, धुतलेली टोपी घातली आणि आठ दिवस रोज थांब्यावर उभं राहून गाडीची वेळ वहीत लिहिली. आठही दिवस गाडी सातच्या ठोक्याला हलली.

"आता भरोसा हाये," ते बायकोला, पुष्पाबाईंना म्हणाले.

नवव्या दिवशी दोघं वळकटी आणि भाकरीचं गाठोडं घेऊन गाडीत चढले. कंडक्टर गाठोड्याकडे बघतच राहिला.

"काहो, तुम्ही चेकर नाही काय?"

"नाही बा. पुण्याले जाऊन राह्यलो."

कंडक्टरनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि डायवरला हाक मारली, "उतर बे खाली! साधा पाशिंजर हाये. चाल, चहा पिऊन येऊ."