कागदाची कमळं

सदर भागातल्या आमच्या इमारतीत खाली राहणाऱ्या काकू बोलता बोलता कागदाची कमळं करतात. भाजीवाल्याची वाट बघतानाही मांडीवर जुन्या कॅलेंडरचं पान असतंच. घडी घातली की ती नखाने दाबतात आणि स्वतःशीच म्हणतात, "अच्छा, चलो, पुढची."

दोन वर्षांपूर्वी काका न्हाणीघरात बेशुद्ध पडले. दार आतून बंद. काकूंनी वरवंट्याने ठोकून ठोकून कडी तोडली. काका वाचले, पण काकूंना स्वस्थ बसवेना. दर पाच मिनिटांनी उठून त्या काकांचा श्वास बघत. नातीने शाळेसाठी आणलेले रंगीत कागद तेव्हाच हाती लागले. "हात कामात राह्यले की जीव घाबरत नाही," त्या मला म्हणाल्या. "काहून, ते मला नाही माहीत."

गेल्या महिन्यात समोरच्या तरुणाला छातीत दुखू लागलं म्हणून त्याचा भाऊ दवाखान्यात घेऊन गेला. तान्ह्या मुलीपाशी बायको घरी एकटीच राहिली. मी धीर द्यायला गेलो, तर काकू आधीच तिच्याशेजारी बसलेल्या. 'सब ठीक होगा' वगैरे काही नाही. तिच्या हातात कागद देऊन म्हणाल्या, "कोपऱ्याला कोपरा लाव, बेटा. वाकडं झालं तरी चालते."

दोन तासांनी फोन आला, धोका टळला होता. त्याची बायको हसली. काका वाचले त्या दिवशीही न रडलेल्या काकू मात्र पदरात तोंड लपवून ढसाढसा रडल्या.