ओवळा हात

ही हकीकत मी युनियनच्या सभांत पुष्कळदा सांगितली. टाळ्या घेतल्या. पण सांगितली ती अर्धीच. उरलेली सांगायचं इतकी वर्षं टाळलं.

नव्वदच्या दशकातली आयुधपूजा. बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतला एक लहान कारखाना. मशिनींना झेंडूच्या माळा. मालकाने दारात कोयत्याने कोहळा फोडला, मग चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटायला उभा राहिला. बेंगळूरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला, आपलाच मराठी माणूस.

माझी पाळी आली. घाईत डावा हात पुढे गेला.

“एडगै? देवाच्या प्रसादाला डावा हात?”

त्याने कोयता उचलला आणि उलट्या बाजूने मनगटावर हाणला. चुरमुरे खाली सांडले.

“उचल. उजव्या हातानं. पुढच्या वेळेस धारेनं हाणीन, सरी? कळलं?”

मी गुडघ्यांवर बसून एकेक चुरमुरा वेचला. कुणीतरी हसलं. मीही हसलो.

मी जन्माचा डावखुरा. शाळेत मास्तरांनी डावा हात बाकाला बांधून उजव्याने लिहायला लावलं. त्यामुळे दोन्ही हात चालायचे. कारखान्यात मी दोन ड्रिलिंग मशीनच्या मध्ये उभा राहायचो. एकीचा दांडा उजव्या हातात, दुसरीचा डाव्या. गिऱ्हाईक आलं की मालक पाठीवर थाप मारायचा. “हा माझा दोन गड्यांचा एक गडी!” वर्षभर त्या हाताने त्याचं देवघर भरलं. त्या दिवशी तो हात ओवळा.

इथवर सभेत सांगायचो. आता मधलं सांगतो.

मनगट सुजलेलं घेऊन घरी आलो. वेचलेल्या प्रसादाची पुडी सोडली. माझी मुलगी शालू पहिलीत होती. ती धावत आली आणि तिने डावा हात पुढे केला.

मी लाटणं उचललं.

पहिला फटका मालकाचा होता, असं पुढे मी स्वतःला समजावलं. दुसरा कुणाचा? तिसरा? मी तिचं मनगट पाटावर दाबून धरलं होतं. बायको माझे केस धरून मागे ओढत होती. हाड मोडल्याचा आवाज आला, तेव्हा थांबलो. तोवर शालूचं रडणंही थांबलं होतं. नुसतं तोंड उघडं.

दवाखान्यात प्लास्टर ओलं असताना तिने विचारलं, “अप्पा, आता हा हात चांगला झाला ना?”



सण संपून कारखाना उघडला. मालक गिऱ्हाइकाला घेऊन आला. “दाखव रे, दोन्ही हात.”

मी मशिनी बंद केल्या. “कुठला दाखवू? सोवळा की ओवळा?”

त्याने हात उगारला. मी तो वरच्यावर धरला, डाव्या हाताने, आणि पिरगळला. तो गुडघ्यांवर आला.

“प्रसादाला चालत नाही, तो हात कामालाही चालणार नाही.”

नोकरी गेली. युनियनवाल्यांनी मला खांद्यावर घेतलं. सभेत इथे टाळ्या पडायच्या. पण ते बळ मला कोयत्याने दिलं नव्हतं. शालूच्या त्या प्रश्नाने दिलं होतं, आणि तिचं नावही मी कधी घेतलं नाही.

शालू आता बेंगळूरातच, मारतहळ्ळीला असते, कॉम्प्युटरवर काम करते. डाव्या हाताचं मधलं बोट सरळ होत नाही. सही करताना अजून डावा हात मांडीखाली दाबून बसते. मी जातो. ती वाढते. “स्वल्प भात, अप्पा?” मी जेवतो, तोंड पुसतो आणि बस पकडून परत येतो.

यापुढे मला सभेला बोलावलं, तर मी आधी लाटण्याचं सांगेन. मग कोयत्याचं. टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांनी ठरवावं.

शालू, तुझा हात चांगलाच होता. मी मोडला. हे तुझ्यासमोर, तुझ्या डोळ्यांत बघून म्हणायचं होतं. ते अजून जमलेलं नाही.