टाकी लावलेली सहाण

मी मार्गासनीजवळच्या एका भाताच्या गिरणीत काट्यावर बसत असे. दिवसभर पोती तोलायची आणि ओलीची, कचऱ्याची घट धरून वजन सांगायचं. अंदाजाने बोलणाऱ्या माणसाशी माझं कधी जमलं नाही.

सत्तर सालच्या अलीकडची गोष्ट. आमचा मुलगा चार महिन्यांचा होऊन तापाने गेला. काही दिवसांनी बायकोचं रडणं थांबलं आणि तिची झोप गेली. मग सांधे धरले. हाताची बोटं आखडली, भाकरी थापता येईना. चूल विझली तरी ती चुलीपुढेच बसून राही. भोरच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळीने ती झोपे, पण उठल्यावर आपण कुठे आहोत हे तिला सांगावं लागे.

माझी थोरली विधवा बहीण, आक्का, आमच्याकडेच होती. तिने वेल्ह्याच्या बाजारातून एका वैदूला घरी आणलं. त्याने झोळीतून बोटभर लांबीचं मूळ काढलं. धोतऱ्याचं होतं.

"सहाणेवर एक वेढा उगाळायचा, दुधात चाटवायचा, दिसाआड," तो म्हणाला. "जादा न्हाई. जादा झालं तर माणूस येडं हुतंय."

"एक वेढा म्हणजे वजनात किती?" मी विचारलं.

तो हसला. "दादा, घरात लेकराला गुटी दिली आसंल की. तवा काय काटा लावलावता?"

मूल गेलेलं त्याला ठाऊक नव्हतं. आक्काने पदर तोंडाला लावला. बायको मात्र उठली आणि फळीवरून सहाण काढून आणली. ती मुलाच्या गुटीसाठीच घेतलेली होती. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, कशाचे किती वेढे द्यायचे ते तिला पाठ होतं.

मला पटलं नव्हतं, पण दुसरं काही उरलंही नव्हतं. आक्का सकाळी दूध घालून एक वेढा उगाळी आणि बोटाने तिला चाटवी. एवढ्याशाने नशा येत नव्हती, बोलणं बरळत नव्हतं. पण महिन्याभरात झोप लागू लागली. बोटं सुटली. एकदा जेवताना ती आक्काला म्हणाली, "वन्सं, आमटीत मीठ लई पडलंय." तिला चव लागली हे ऐकून आक्का माजघरात जाऊन रडून आली.

दिवाळीच्या तोंडावर टाकी लावणारी बाई गावात आली. पाटे-वरवंटे, जाती वापरून गुळगुळीत झाली की छिन्नीने ठोकून त्यांना पुन्हा खडबडीत करायचं, हे तिचं काम. आक्का दारात घासाघीस करत होती.

"येवढं? सोन्याची छिन्नी हाय का गं तुजी?"

"तुमच्या पाट्याव माशी घसरंल, आक्का! बरं, ती बारकी सहाण आना. तिलाबी टाकी लावती, फुकाट."

फुकट म्हटल्यावर आक्काने सहाणही पुढे केली. घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी औषधाची पाळी होती. आक्काने नेहमीसारखा एक वेढा दिला. गंध जरा दाट आलं. दूध निरसं आहे म्हणून असेल, असं ती म्हणाली.

मी गिरणीत निघायच्या आधीच बायकोचं तोंड लाल झालं, ओठ कोरडे पडले. डोळ्यांची बुबुळं एवढी मोठी झाली की डोळे नुसते काळे दिसत होते. तिने गोधडीची गुंडाळी केली आणि मांडीवर घेतली.

"हळू बोला," ती म्हणाली. "आत्ताच उठलाय." ती हसत होती. कितीतरी महिन्यांनी मी तिला हसताना पाहत होतो. "अवो, दात आलाय. बगा की बोट घालून."

तिने माझा हात धरला आणि बोट गोधडीच्या घडीत घातलं. काट्यावर मी कुणाला खोटं वजन सांगितलेलं नाही. तिला म्हणालो, "व्हय, आलाय."

बैलगाडीतून तिला वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. तिसऱ्या दिवशी ती भानावर आली आणि रिकाम्या गोधडीकडे पाहत राहिली.

घरी येऊन मी मूळ पाहिलं. होतं तेवढंच दिसत होतं. मग सहाणेवरून अंगठा फिरवला. कातडी सोलवटली. वेढा एकच होता, दगड बदलला होता.

"त्यो दगड तसाच ऱ्हाऊ द्या," बायको मागून म्हणाली.

"अगं, मरशील."

"मरंना. दात आलाता."

मी मूळ नदीत टाकलं. सहाण तिने दिली नाही, आपल्या पेटीत ठेवली. पुढच्या बाजारी वैदू भेटला तेव्हा म्हणाला, गुळगुळीत दगडावर पुन्हा सुरू करा. पण तिला आता एका वेढ्याने भागणार नव्हतं, हे मला काट्याशिवाय दिसत होतं. औषध बंद झालं तशी झोप पुन्हा गेली, बोटं पुन्हा आखडली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी शेजारची बाळंतीण दारात आली. "काकी, सहाण हाय का? गुटी द्यायचीय."

बायकोने पेटीतून सहाण काढली, अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "दुपारनं ये."

मग अंगणात बसून तिने ओली वाळू आणि नदीतला गोटा घेऊन ती घासायला घेतली. आखडलेल्या बोटांत गोटा ठरत नव्हता, पुन्हा पुन्हा सुटत होता.

"आण हिकडं, मी घासतो," मी म्हणालो.

"नगं. तुमाला अंदाज न्हाई."

दुपारपर्यंत ती घासत होती. शेवटी धुऊन तिने सहाण आपल्या गालाला लावून पाहिली. बाळंतीण आली तेव्हा तिच्या हातात देऊन म्हणाली, "पयल्यांदा अर्दाच वेढा दे. बग, कसं सोसतंय लेकराला." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

ती सहाण आम्ही परत मागितली नाही.