बर्फाचा रकाना

कचेरीत पंधरा वर्षं काढली की दोन गोष्टी साठतात, रद्दी आणि किस्से. रद्दी मी निघताना टाकून आलो. किस्से काही टाकवत नाहीत, आणि त्यातले निम्मे एकट्या पासलीच्या गुरुजींचे आहेत!

तेव्हा मी भोरला हवामानाच्या टेबलावर कारकून होतो. डोंगरातल्या गावांतून थंडीपावसाची कार्डं माझ्याकडे येत, ती मी पुण्याला पाठवी आणि त्यांवरून तिथला अंदाज निघे. पासलीचं कार्ड शाळेचे गुरुजी भरत. एका पौषात गारठ्यानं धोंडीबा धनगराची कोकरं मेली, तेव्हा थंडीची आगाऊ वर्दी मिळावी म्हणून गुरुजींनीच अर्जावर अर्ज करून थर्मामीटर मागवला होता. त्यांचा फार जीव होता त्याच्यावर.

* * *

कार्ड साऱ्या देशासाठी एकच छापलेलं. त्यामुळे त्यात ‘बर्फ, इंच’ असाही रकाना होता. बाकीची गावं तिथे रेघ ओढून मोकळी होत. गुरुजींनी पहिल्याच कार्डावर लिहिलं, ‘शिल्लक नाही.’

ते भोरला आले तेव्हा मी विचारलं, “गुरुजी, शिल्लक नाही म्हणजे आधी होतं का?”

“तसं नव्हे हो. नुसतं ‘नाही’ लिहिलं तर आम्ही बघितलंच नाही असं वाटतं.”

* * *

पुढे बर्फ मोजायची काठीही आली. पिवळी, देखणी, इंचाइंचाला खूण. वर्षभरानं वरून तिची चौकशी झाली. गुरुजींनी कळवलं, ‘काठी पाटलांच्या घरी सुस्थितीत आहे. कणगीत नाचणी किती उरली ते तिच्यामुळे अचूक कळते.’

* * *

मग आली ती कोंबडी! एका हिवाळ्यात पुण्याहून विचारणा झाली, सगळीकडे पारा उतरतोय, पासलीतच तीन आठवडे ऊब कशी? आमचे भोरचे मोठे साहेब नकाशा पसरून बसले. त्या खोऱ्यात काहीतरी नवीन वारं शिरलंय, असं त्यांचं ठाम मत झालं. शेवटी गुरुजींना भोरला बोलावलं.

“वारं कसलं, साहेब? थर्मामीटरच्या पेटीत कोंबडी खुडूक बसलीय. उठवली असती तर अंडी वाया गेली असती. अकरा पिल्लं निघाली.”

* * *

पुण्याचा अंदाज पासलीला पोचायला दोन दिवस लागत. म्हणजे थंडी पुढे आणि अंदाज मागून. वैतागून गुरुजी धोंडीबालाच विचारू लागले आणि शेऱ्याच्या जागी लिहू लागले, ‘मेंढ्यांचे मत: थंडी वाढेल.’

हे वाचून पुण्याचे इन्स्पेक्टरसाहेब खवळले. आधी कोंबडी, आता मेंढ्या! पासलीचं केंद्र बंद करायचं ठरवूनच ते निघाले. मी बरोबर होतो. वेल्ह्यापासून पुढे पायी जावं लागलं, त्यानं ते आणखी तापले.

संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर बसून त्यांनी हुकूम लिहिला आणि खिशात ठेवला. “गुरुजी, सकाळी थर्मामीटर काढून द्या.”

गुरुजींचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. एवढ्यात धोंडीबा सगळा कळप घेऊन डोंगर उतरून आला.

“आज लवकर?” गुरुजींनी विचारलं.

“मेंढरं दुपारधरनं खाली वळाय लागली, माळावर थांबनात. आज लई हिव पडनार बगा. कोकरं घरात घेतो.”

साहेब हसले. “आमच्या अंदाजात तसं काही नाही.”

गुरुजींनी मात्र कार्ड काढलं आणि मेंढ्यांचं मत नोंदवलं.

सकाळी गुरुजींच्या हाकांनी आम्ही उठलो. बाहेर येऊन बघतो तर सगळा माळ पांढराशुभ्र! गवताच्या पात्यापात्यावर पांढरं, पाय टाकला की करकर वाजणारं. धोंडीबाची कोकरं घरात उबेला होती, एकही दगावलं नव्हतं. गुरुजी काठी आणायला पाटलांकडे धावले.

“गुरुजी, थांबा,” साहेब म्हणाले. “हे बर्फ नव्हे. दव गोठलंय.”

“नऊ वर्षं वाट बघतोय, साहेब.”

“तरीसुद्धा नव्हे.”

ऊन वर आलं आणि अर्ध्या तासात सगळं विरघळून गेलं. साहेब बराच वेळ धोंडीबाच्या कोकरांकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातला हुकूम काढला, त्याचे चार तुकडे केले आणि चहा मागितला.

ते कार्ड मी स्वतः भोरला आणलं. शेऱ्यात होतं, ‘मेंढ्यांचे मत: हिव पडणार’, आणि त्याखाली साहेबांची सही. बर्फाच्या रकान्यात गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं,

‘आले होते. साहेबांनी नाही म्हटले.’